पेरूतील विद्राव्य तंतू आणि रक्तातील मेद : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

विषय आज पक्का झाला. ‘फळांतील तंतुमय पदार्थ आणि कोलेस्टेरॉल’ हा मूळचा मोघम मथळा विभागाच्या बैठकीत टिकला नाही. फळ एकच घ्या, तंतूंचा प्रकार एकच घ्या आणि जे खरोखर मोजता येईल तेवढेच मोजा, असे मार्गदर्शक मॅडमनी सांगितले आणि ते सर्वांना पटले. फळ म्हणून पेरू ठरला, कारण हंगाम सुरू आहे, भाव परवडणारा आहे आणि आपल्याच देशात माणसांना पेरू खाऊ घालून केलेले प्रयोग छापून आलेले आहेत. वाण ‘सरदार’, म्हणजेच लखनौ-४९, घ्यायचे. हे वाण १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून निवडले, आणि महाराष्ट्रातल्या बागांमध्ये ते आजही सर्रास दिसते.

प्रकल्पाचा शेवट एका पानाच्या माहितीपत्रकात व्हायचा आहे. लिपिड प्रोफाइलचा कागद हातात घेऊन आहारसल्ल्यासाठी येणारी माणसे ‘कोणते फळ खाऊ?’ असे विचारतात, त्यांच्यासाठी ते असेल. माणसांवरचा प्रयोग आम्ही करणार नाही, कारण नैतिक समितीची परवानगी, रक्त तपासण्या आणि पाठपुरावा हे सारे एका सत्रात बसणारे नाही. उंदरांचेही तेच. त्यामुळे कामाचे दोन भाग केले आहेत. प्रयोगशाळेत पेरूच्या गराची तपासणी होईल आणि टेबलावर छापील प्रयोगांची छाननी होईल.

२१ नोव्हेंबर

आजचा दिवस कार्यपद्धती समजून घेण्यात गेला. शरीरातून कोलेस्टेरॉल बाहेर जाण्याची मोठी वाट एकच आहे आणि ती पित्तातून जाते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, त्यांना ग्लायसीन किंवा टॉरिन जोडून पित्ताशयात साठवते, जेवण झाले की ती आतड्यात उतरतात, तेलातुपाचे बारीक थेंब करून पचन सोपे करतात आणि काम संपल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृतात परततात. शरीरातला एकूण साठा जेमतेम २ ते ४ ग्रॅम असतो, पण तो दिवसातून अनेक फेऱ्या करतो. मलावाटे रोज साधारण अर्धा ग्रॅम निघून जातो आणि तेवढीच भर यकृताला नव्याने घालावी लागते.

फळांच्या गरातल्या पेक्टिनसारखे, पाण्यात विरघळून (म्हणजेच विद्राव्य) घट्ट द्राव करणारे तंतू नेमके या फेरीत अडथळा आणतात. आतड्यातला द्राव दाट झाला की पित्ताम्लांचे कण भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यांतले काही अडकून पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि परत येत नाहीत. घट आली की यकृत अधिक पित्ताम्ले बनवते, त्यासाठी त्याला अधिक कोलेस्टेरॉल लागते आणि ते मिळवण्यासाठी यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे ‘वाईट’ समजले जाणारे कण, ओढून घेणारे ग्राही (रिसेप्टर) वाढवतात. याच ग्राहींचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. रक्तातले एलडीएल उतरते ते या मार्गाने. म्हणजे तंतू रक्तात शिरून काहीही ‘साफ’ करत नाहीत. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘शिरा धुणाऱ्या’ फळांच्या चित्रफितींना या शरीरशास्त्रात कुठेही जागा नाही.

या मार्गाला मर्यादाही त्याच यंत्रणेतून येते. यकृत बाहेरून कोलेस्टेरॉल ओढते तसे स्वतःही अधिक बनवू लागते, त्यामुळे घट काही अंशी भरून निघते. स्टॅटिन गटातली औषधे ही घरची निर्मितीच रोखतात, आणि म्हणून तंतू व स्टॅटिन एकमेकांना पूरक ठरतात. इसबगोलावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन आणि १५ ग्रॅम इसबगोल यांनी मिळून २० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिनएवढीच घट साधली होती. त्यावरून ही गोष्ट ध्यानात येते.

दुसरा एक मार्ग पुस्तकांतून वारंवार भेटतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू पेक्टिन आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार करतात व त्यांपैकी प्रोपिओनेट यकृतातली कोलेस्टेरॉलनिर्मिती मंदावते, असे तो सांगतो. पेशींत आणि उंदरांत हे दिसते, पण माणसांतला पुरावा तेवढा भक्कम नाही. शिवाय त्याच आंबवण्यातून येणारे ॲसिटेट हा यकृताला मेद बनवण्याचा कच्चा मालही आहे. माहितीपत्रकात हा मुद्दा घेऊ नये, असे माझे मत मी नोंदवून ठेवतो.

२७ नोव्हेंबर

जुने प्रयोग वाचले. पहिला महत्त्वाचा निबंध अन्सेल कीज आणि सहकाऱ्यांचा, १९६१ चा आहे. त्यात मध्यमवयीन पुरुषांच्या आहारात रोज १५ ग्रॅम पेक्टिन घातल्यावर रक्तातले कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्के उतरले. १९७७ साली के आणि ट्रसवेल यांनी लिंबूवर्गीय फळांचे तेवढेच पेक्टिन तीन आठवडे दिले, तेव्हा घट १३ टक्के निघाली. मात्र त्यांचे खरे काम रक्तात नसून मलाच्या तपासणीत आहे. मलातून जाणारी पित्ताम्ले ३३ टक्क्यांनी वाढली आणि मेद ४४ टक्क्यांनी वाढला. म्हणजे २१ तारखेला लिहिलेला मार्ग त्यांनी माणसात प्रत्यक्ष मोजून दाखवला होता. मेद ४४ टक्क्यांनी वाढला हे ऐकून वजन उतरण्याची आशा मात्र धरू नये. निरोगी माणसाच्या मलात दिवसाला काही ग्रॅमच मेद असतो, त्यात निम्म्याहून कमी भर पडली तर उष्मांकाच्या हिशेबात ती नगण्यच राहते.

हिशेबासाठी सर्वांत उपयोगी पडेल तो हार्वर्डच्या गटाचा १९९९ चा एकत्रित आढावा. ६७ नियंत्रित प्रयोग एकत्र करून त्यांनी दाखवले की रोजच्या प्रत्येक ग्रॅम विद्राव्य तंतूमागे एलडीएल सुमारे २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर उतरते. पेक्टिन, ओट, इसबगोल आणि गवार गम यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या चरबीवर, परिणाम जवळपास शून्य होता. हा शेवटचा निष्कर्ष आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण ‘फळांच्या तंतूंमुळे चरबी घटते’ या ढोबळ विधानातला निम्मा भाग तिथेच गळून पडतो.

२ डिसेंबर

पोषणमूल्यांच्या तक्त्यांत मेळ नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकात १०० ग्रॅम पेरूत ५.४ ग्रॅम एकूण तंतू दिले आहेत, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात पांढऱ्या गराच्या पेरूला साडेआठ ग्रॅमच्या आसपास. वाण, पक्वता आणि बिया किती मिसळल्या यांवर हा आकडा हलतो. पेरूच्या बिया म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे अविद्राव्य भाग. त्या धरल्या की एकूण आकडा फुगतो, पण कोलेस्टेरॉलच्या बाबतीत त्यांचा उपयोग फारसा नाही. तुलनेला अमेरिकी कोष्टकातच सफरचंद सालीसकट २.४, केळे २.६ आणि चिकू ५.३ ग्रॅमवर आहे. ‘भरपूर तंतूंचे फळ’ ही पेरूची कीर्ती खरी आहे, पण त्यातला मोठा वाटा पोट साफ ठेवणाऱ्या चोथ्याचा आहे. एलडीएलचा संबंध उरलेल्या लहान वाट्याशी आहे.

७ डिसेंबर

तंतूंचे मापन काल सकाळी सुरू केले ते आज दुपारी आवरले. पद्धत एओएसी या विश्लेषण-पद्धती ठरवणाऱ्या संस्थेची, क्रमांक ९९१.४३. गर वाळवून बारीक दळला, त्यातली साखर ८५ टक्के अल्कोहोलने धुऊन काढली आणि एकेक ग्रॅमचे जोडनमुने घेतले. आधी उष्णता सहन करणारे अमायलेज घालून उकळत्या पाण्याच्या टबात, मग प्रोटिएज घालून ६० अंशांवर, शेवटी आम्लता वाढवून ॲमिलोग्लुकोसिडेज घालून पुन्हा ६० अंशांवर ठेवले. माणसाच्या आतड्यात जे पचते ते सारे या तीन टप्प्यांत पचवून टाकायचे आणि उरेल तो तंतू, एवढीच यामागची कल्पना आहे. गाळणीवर राहतो तो अविद्राव्य भाग. खाली उतरलेल्या द्रावात चौपट गरम अल्कोहोल ओतल्यावर विद्राव्य भाग साखळतो.

हा साखळण्याचा टप्पा पाहण्यासारखा असतो. अल्कोहोल ओतताच पहिली काही क्षणे काहीच घडत नाही, मग द्राव दुधट होतो आणि तासाभरात तळाशी अर्धपारदर्शक, सर्दीच्या शेंबडासारखा लिबलिबीत थर बसतो. तो गाळणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे. क्रुसिबलमधला (गाळणीच्या भांड्यातला) सेलाइट या गाळणपुडीचा थर नीट बसलेला असला तरी पेक्टिन छिद्रे बुजवते आणि निर्वात पंप लावूनही थेंब थेंबच उतरतो. प्रयोगशाळेतल्या मामांनी सेलाइट हलकेच खरवडून वाट मोकळी करण्याची युक्ती दाखवली, नाहीतर संध्याकाळ झाली असती. गाळताना जो दाटपणा आम्हाला छळतो, तोच आतड्यात पित्ताम्लांना अडवतो, हे या वेळी हाताला कळले.

क्रुसिबल १०५ अंशांवर रात्रभर वाळत होत्या. जोडीतल्या एका नमुन्यातून प्रथिने आणि दुसऱ्यातून राख वजा केल्यावरच आकडा खरा धरायचा, म्हणून वजने सध्या वेगळ्या तक्त्यात ठेवली आहेत.

११ डिसेंबर

पक्वतेचा प्रश्न जेली करणाऱ्यांच्या जुन्या चाचणीने तपासला. फळप्रक्रियेच्या वर्गात ती सर्वांनी केलेली असते. फोडी पाण्यात शिजवून मलमलीच्या फडक्यातून निथळलेला अर्क एक चमचा घ्यायचा, त्यात बेताने अल्कोहोल घालायचे आणि थोडा वेळ स्थिर ठेवायचे. पेक्टिन भरपूर असेल तर एकसंध गोळा उचलून येतो, मध्यम असेल तर दोनचार गुठळ्या आणि कमी असेल तर नुसते धागे तरंगतात.

नुकत्याच पिवळसर होऊ लागलेल्या फळांच्या अर्कात घट्ट गोळा आला. खोलीभर वास सुटलेल्या, बोटाने दाबले की खड्डा पडणाऱ्या पेरूंच्या अर्कात सैल, तुटक धागे दिसले. फळ पिकताना त्यातलीच विकरे पेक्टिनच्या लांब साखळ्या तोडतात. आणि साखळी आखूड झाली की वजनाने तेवढेच पेक्टिन असले तरी दाटपणा उरत नाही. युरोपात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही सर्व पेक्टिन सारखे निघाले नव्हते. अधिक मिथिलीकरणाच्या (साखळीवर मिथिल गट जास्त असलेल्या) सफरचंद आणि लिंबूवर्गीय पेक्टिनने एलडीएल ७ ते १० टक्के उतरवले, तर इतर प्रकारांचा परिणाम कमी पडला. पत्रकात ‘कडक, नुकताच पाड लागलेला पेरू’ असे स्पष्ट लिहिता येईल. मधुमेही माणसाला तो साखरेच्या दृष्टीनेही बरा.

१६ डिसेंबर

मुरादाबादचे दोन निबंध आज पुन्हा बारकाईने वाचले, कारण पेरूवर लिहिणारा प्रत्येक जण त्यांचाच आधार घेतो. १९९२ च्या निबंधात उच्च रक्तदाबाचे १२० रुग्ण दोन गटांत विभागले होते. एका गटाला बारा आठवडे, शक्यतो जेवणाआधी, पेरू खायला सांगितले. एकूण कोलेस्टेरॉल ९.९ टक्के आणि ट्रायग्लिसराइड ७.७ टक्के घटले, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ८ टक्के वाढले, रक्तदाबही उतरला. १९९३ च्या निबंधात मुदत चार आठवड्यांची आणि पेरूचे प्रमाण रोज अर्धा ते एक किलो होते. तिथे कोलेस्टेरॉलची घट ७.९ टक्के निघाली.

आकडे आकर्षक आहेत, पण मला त्यांवर भार टाकवत नाही. पेरू खाणाऱ्याला आपण पेरू खातो हे ठाऊक असतेच, त्यामुळे असा प्रयोग पूर्ण आंधळा कधीच होत नाही. अर्धा किलो पेरू म्हणजे सुमारे ३४० उष्मांक आणि भरपूर पाणी. ते जेवणाआधी पोटात गेल्यावर पोळी, भात, तळण आणि तूप यांचे काय झाले असेल, हा प्रश्न उरतो. ट्रायग्लिसराइड घटणे आणि एचडीएल वाढणे हे शुद्ध पेक्टिनच्या प्रयोगांत दिसत नाही. ते इथे दिसले, यावरून आहारातला बदलच बोलतो आहे असे मला वाटते. रक्तदाबाचे श्रेय १०० ग्रॅममागे ४१७ मिलिग्रॅम असलेल्या पोटॅशियमला जात असावे. शिवाय त्याच मुख्य संशोधकाच्या एका दुसऱ्या आहार-प्रयोगाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००५ साली जाहीरपणे शंका नोंदवली होती. ती पेरूच्या निबंधांबद्दल नव्हती, तरी स्वतंत्र गटाकडून पडताळणी होईपर्यंत टक्केवारी पत्रकात छापू नये असे मॅडमशी बोलून ठरले. गटातल्या सहकारी मैत्रिणीला हे फार कडक वाटले. तिचे म्हणणे, दिशा तरी योग्य आहे ना. दिशा योग्य आहे हे मलाही मान्य आहे.

२० डिसेंबर

रसाचा प्रश्न डेन्मार्कच्या २०१३ च्या प्रयोगाने बराच सोडवला. २३ निरोगी माणसांना आळीपाळीने, प्रत्येक वेळी चार आठवडे, रोज ५५० ग्रॅम सफरचंद, सफरचंदाचा चोथा, गढूळ रस आणि गाळलेला स्वच्छ रस दिला. सबंध फळाने एलडीएल ६.७ टक्के आणि चोथ्याने ७.९ टक्के उतरण्याकडे कल दिसला, गढूळ रसाने जेमतेम २.२ टक्के. स्वच्छ रस पिण्याच्या काळात एलडीएल सबंध फळाच्या तुलनेत ६.९ टक्के चढे होते. फळ तेच, साखर जवळपास तीच, गेला तो गर.

ट्रायग्लिसराइडचे उत्तरही इथेच सापडते. फ्रुक्टोजचा बहुतांश निपटारा आतडे आणि यकृत करतात, आणि ते मोठ्या प्रमाणात व झपाट्याने आले तर यकृत त्यातून मेद बनवते. तंतू थेट ट्रायग्लिसराइड उतरवत नाहीत, पण फळ चावून खाल्ल्याने साखर कमी वेगाने येते आणि मुळात कमी खाल्ली जाते. चार पेरू चावून खाताना जबडा थकतो, चार पेरूंचा गाळलेला रस मात्र दोन घोटांत संपतो. सरबताच्या गाडीवर मिळणाऱ्या मीठ-तिखट लावलेल्या गुलाबी रसात वरून साखरही असते, हे पत्रकात आवर्जून लिहायला हवे.

२८ डिसेंबर

आज सगळे आकडे एका ओळीत मांडले आणि प्रकल्पाचे उत्तर बहुधा मिळाले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली कोलेस्टेरॉल योग्य पातळीवर राखण्याबाबतचा दावा मान्य केला तो रोज किमान ६ ग्रॅम पेक्टिनसाठी. गरात पेक्टिन साधारण एक टक्क्याच्या मागेपुढे असते असे धरले तर ६ ग्रॅमसाठी सहाशे ग्रॅम फळ लागते. डेन्मार्कच्या प्रयोगात ५५० ग्रॅम होते, मुरादाबादला अर्धा ते एक किलो. तीन निरनिराळ्या वाटांनी येऊन आपण अर्ध्या किलोच्याच उंबरठ्यावर पोहोचतो.

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस मात्र रोज १०० ग्रॅम फळांची आहे आणि प्रत्यक्षात तेवढीही खाल्ली जात नाहीत. १०० ग्रॅम पेरूतून एक ते दीड ग्रॅम विद्राव्य तंतू मिळाले, तर हार्वर्डच्या हिशेबाने एलडीएल दोन-तीन अंकांनी उतरेल, म्हणजे १४० चे १३७. एकाच माणसाचे कोलेस्टेरॉल आहार न बदलताही तपासणीगणिक पाच-सहा टक्के वरखाली होत असते, त्यामुळे हा फरक एका रुग्णाच्या कागदावर ओळखू येणे शक्य नाही. तो गटाच्या सरासरीतच दिसतो. एलडीएल जर थेट न मोजता फ्रीडवाल्डच्या सूत्राने, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांवरून, काढलेले असेल, आणि आपल्याकडील कित्येक अहवालांत ते तसेच असते, तर ट्रायग्लिसराइडच्या चढउताराची भर त्यात आणखी पडते.

तेव्हा एकट्या पेरूवर भार टाकण्यापेक्षा दिवसभराच्या ताटातले घट्ट द्राव करणारे तंतू मोजावेत, या मताचा मी झालो आहे. टोरोंटोच्या जेन्किन्स यांनी २००३ साली ज्या आहाराने एलडीएल २८.६ टक्के उतरवून दाखवले, आणि त्याच प्रयोगात लोव्हास्टॅटिनने ३०.९ टक्के उतरले, त्यात ओट, जव आणि इसबगोल यांच्या जोडीला भेंडी आणि वांगी होती. सोया, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉलही होते. कोणताही एक पदार्थ काढून त्याला श्रेय देता येत नाही. अमेरिकेच्या २००१ च्या मार्गदर्शनात रोज १० ते २५ ग्रॅम विद्राव्य तंतू सुचवले आहेत. एक पेरू, एक वाटी डाळ-उसळ, भेंडीची भाजी आणि रात्री इसबगोल असे जोडत गेल्यास खालची मर्यादा आपल्या स्वयंपाकात आवाक्यात येते.

४ जानेवारी

पत्रकाचा मसुदा झाला. इशाऱ्यांवर जास्त वेळ गेला. १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका टिपणात लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या काही रुग्णांना सोबत पेक्टिन किंवा ओटचा कोंडा दिल्यावर एलडीएल उलट वाढल्याचे नोंदवले आहे. तंतूंनी औषधाचे शोषण अडवले असावे. म्हणून ‘गोळी आणि इसबगोल किंवा भरपूर फळ एकाच वेळी घेऊ नये, मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये’ हे वाक्य ठळक अक्षरांत घेतले. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पोटॅशियमची ओळ वेगळी आहे. तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते, तेव्हा हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे, हेही आले. ‘कोलेस्टेरॉलवर रामबाण पेरू’ हा छपाईवाल्याने सुचवलेला मथळा मॅडमनी तिथल्या तिथे खोडला.

९ जानेवारी

पुढच्या सत्रासाठी एक काम शिल्लक ठेवले आहे. प्रयोगशाळेत गराची पित्ताम्ले धरून ठेवण्याची क्षमता मोजायची. कोलेस्टायरामीन हे पित्ताम्ले बांधणारे औषध शंभर धरायचे, सेल्युलोज तळाचे मानक म्हणून ठेवायचे आणि मधल्या पट्टीवर कडक पेरू, अतिपक्व पेरू आणि नुसत्या बियांचा भुसा कुठे बसतात ते पाहायचे. त्यासाठी लागणाऱ्या सोडियम टॉरोकोलेट या पित्ताम्लाच्या क्षाराची मागणी आज भांडारात दिली. नमुन्यांचा वाळवलेला गर घट्ट झाकणाच्या बाटल्यांत, वाण, तारीख आणि पक्वतेची चिठ्ठी लावून शीतकपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवला आहे.